जमा : घरातून

आमच्या रविवार पेठेतल्या दुकानाच्या जुन्या वह्या माळ्यावर लाल फडक्यात बांधून ठेवलेल्या होत्या. दिवाळीच्या आधी माळा झाडताना गाठोडं सुटलं आणि १९७२ सालची वही हाताला लागली. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, खाली 'श्री वीतरागाय नमः' आणि मग सासऱ्यांचं वळणदार अक्षर. जमेच्या बाजूला ओळीनं नावं होती. कुठल्या पेढीकडून किती आले, कुठल्या अडत्याकडून किती आले, सगळं नावानिशी. मध्येच एक ओळ बिननावाची होती : 'जमा – घरातून, रु. ८५०.'

सासूबाई खाली तांदूळ निवडत बसल्या होत्या. वही त्यांच्यापुढं धरून मी विचारलं, "आत्याबाई, हे साडेआठशे कसले?"

"दुष्काळाचं साल ते. उधारी वसूल होईना, मालवाल्यांचा तगादा. माझ्या पाटल्या दिल्या की."

"मग तुमचं नाव का नाही घातलं?"

त्या हसल्या. "अगं, घर म्हणजे मीच न्हवं काय?"

तेव्हा मला ते उत्तर फार आवडलं होतं. आपल्या बायकांचं मोठेपण वगैरे वाटलं. पुढं आमच्यावरच तशी वेळ आली, तेव्हा त्या 'घरातून' या शब्दाचा अर्थ नीट कळला.

मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघी मिळून कांदा-लसूण नसलेले मसाले, मेतकूट, जवसाची नि कारळ्याची चटणी, सांडगे असं ऑनलाइन विकतो. महिला मंडळात मला हमखास विचारतात, "दोघी जावा मिळून धंदा करता, कामं कशी वाटून घेता हो? भांडणं नाही होत?" कामाची वाटणी मी सांगेनच. पण खरी अडचण कामाच्या वाटणीत नव्हतीच. काम आपल्या घरांत बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतलं आहे. ते वहीत कुणाच्या नावावर लिहायचं, हा प्रश्न आहे, आणि तो फार जुना आहे.

किती जुना, ते पाहायचं तर बनारसीदासांकडं जावं लागतं. आपल्यापैकी ज्या स्वाध्यायाला बसतात त्यांना 'समयसार नाटक' लिहिणारे बनारसीदास माहीत आहेत. जौनपूरला १५८६ मध्ये जन्मलेला हा जैन व्यापारी. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्यांनी आग्र्याला स्वतःची जीवनकथा ब्रज भाषेत, पद्यात लिहिली. माणसाचं पूर्ण आयुष्य एकशेदहा वर्षांचं धरलं तर आपलं निम्मंच झालं, म्हणून नाव ठेवलं 'अर्धकथानक'. धंद्यात आपण किती वेळा बुडालो, हे इतक्या मोकळेपणानं सांगणारा दुसरा व्यापारी मला माहीत नाही. त्यात भागीदारांची नावं येतात. नरोत्तमदास हा त्यांचा जिवलग मित्र आणि भागीदार, त्याच्याविषयी तर ते भरभरून लिहितात.

त्याच पुस्तकात एक प्रसंग आहे. आग्र्यात हात पोळल्यावर बनारसीदास खैराबादला सासुरवाडीला जातात. रात्री बायकोला सगळं खरं सांगतात. ती आपल्याजवळ साठवलेले वीस रुपये काढून देते. एवढ्यावर थांबत नाही, आईच्या कानावर घालते, आणि आई गुपचूप दोनशे रुपये देते. ते भांडवल घेऊन बनारसीदास पुन्हा आग्र्याला व्यापाराला निघतात.

वीस आणि दोनशे. चारशे वर्षांपूर्वीची ही 'जमा – घरातून' आहे. बनारसीदासांनी ती लिहून ठेवली, हा त्यांचा प्रामाणिकपणा. नाहीतर अशा किती वीस रुपयांवर पेढ्या उभ्या राहिल्या आणि कुणालाच कळलं नाही. तरी त्या मायलेकींना कुणी भागीदार म्हटलं नाही. भांडवल घालतो तो भागीदार, हा बाजाराचा नियम. पण तो उंबऱ्याच्या आत लागू होत नव्हता.

आता कायद्याकडं येऊ. आपल्या देशातला भागीदारीचा कायदा १९३२ सालचा, आणि अजून तोच चालतो. मी तो आमच्या गरजेपोटी वाचला. आधी वाटलं, रुक्ष असेल. पण पाचव्या कलमावर मी अडखळले. ते कलम म्हणतं, भागीदारी कराराने होते, नात्याने होत नाही. एकत्र हिंदू कुटुंबाचे लोक घरचा धंदा चालवतात म्हणून ते भागीदार ठरत नाहीत. आणि ब्रह्मी बौद्ध नवरा-बायको मिळून धंदा करतात म्हणून तेही भागीदार ठरत नाहीत.

ब्रह्मदेशातले बौद्ध नवरा-बायको इथं कुठून आले? तर १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. तिथल्या बाजारात बायका दुकानात बसत, घेत-देत, आणि तिथल्या रूढीप्रमाणं लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता दोघांची मानली जाई. म्हणजे ती बाई करार न करताच मालकीण होती, म्हणून तिला भागीदार ठरवायची गरज नव्हती. ब्रह्मदेश वेगळा झाला, ते शब्द मात्र आपल्या कायद्यात तसेच राहिले आहेत. साऱ्या कलमात 'नवरा-बायको' हे शब्द येतात ते एवढ्या एकाच ठिकाणी, ब्रह्मी जोडप्यासाठी. आपल्याकडच्या बाईचा उल्लेखच नाही. ती करारानं भागीदार नव्हती, कारण करार कुणी केलाच नाही. आणि नात्यानंही नव्हती, कारण एकत्र कुटुंबात ती सहदायाद धरली जात नव्हती. मुलींना तो हक्क कर्नाटकात आणि महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. सुनेला सासरच्या घरात तो आजही नाही.

आणि आमच्या बेळगावहून चोर्ला घाट उतरलं की कायदा बदलतो. माझी धाकटी बहीण म्हापशाला दिली आहे. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. मेहुण्यांना दुकानाचा गाळा विकायचा तर बहिणीची सही लागते. आयकराच्या कायद्यातही त्यांच्यासाठी वेगळं कलम आहे : पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे धंद्याचंसुद्धा, दोघांत निम्मं-निम्मं धरून कर लावतात. त्या कायद्यातही पूर्वी कारभार बहुतेक नवऱ्याच्याच हाती असे, तेव्हा गोवा म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाही. पण एकाच आईच्या पोटच्या आम्ही दोघी. घाटाखाली तिची सही लागते, घाटावर माझी कुणी विचारत नाही.

आयकराचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सांगते. कधी कधी व्यापारी बायकोला भागीदार करत, पण कशासाठी? उत्पन्नाचे दोन तुकडे पडून कर कमी बसावा म्हणून. १९३० नंतरच्या दशकात सरकारच्या हे लक्षात आलं, आणि १९३७ च्या दुरुस्तीनं, नवऱ्याच्या पेढीत बायको भागीदार असेल तर तिचा वाटा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचा, असं ठरलं. ही तरतूद १९९३ पर्यंत टिकली. छप्पन्न वर्षं! ज्यांनी नुसती नावापुरती सही केली त्यांच्याबरोबर, ज्या खरोखर गल्ल्यावर बसत होत्या त्याही त्यात भरडल्या. बाईचं नाव कागदावर आलं की ते खोटंच असणार, असा एक समज त्यातून पक्का झाला. आमच्या पेठेत 'बायकांच्या नावावर' हे शब्द अजून डोळा मिचकावूनच उच्चारतात.

याच काळात मुंबईत मात्र एक वेगळी गोष्ट घडली. १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच पुढं लिज्जत पापड. त्यांची कामाची वाटणी आपल्याला ओळखीची वाटेल : पीठ केंद्रावर मळायचं, गोळा घरी न्यायचा, लाटून वाळवून आणून द्यायचा, वजन करून मजुरी घ्यायची. घरी बसून पापड लाटणाऱ्या बायका आपल्याकडंही होत्याच की. फरक एवढाच की तिथं लाटणारी प्रत्येक बाई मालकीण मानली गेली. नफा-तोटा सगळ्यांचा. पुरुषांना नोकरीवर ठेवलं, सभासद केलं नाही. गोळा करणारी, लाटणारी, हिशेब ठेवणारी यांत काम वेगळं असलं तरी मालकी सारखी, हे त्यांनी पहिल्यापासून नियमातच घातलं. म्हणून ते टिकलं, असं मला वाटतं.

ऑनलाइन धंद्यानं हे सगळं बदलेल, असं आपण म्हणतो. गाळा नको, गल्ला नको, बाईला घरातून करता येतं. पण या धंद्याचा इतिहासही तपासून पाहा. अमेरिकेत १९९४ मध्ये एका घराच्या गॅरेजात अॅमेझॉन सुरू झाली, ती पुस्तकं विकण्यासाठी. सुरुवातीला हिशेब ठेवणं, चेक लिहिणं, माणसं नेमायला मदत करणं हे काम मालकाच्या बायकोनं, मॅकेन्झी यांनी केलं. जगाला नाव माहीत झालं ते नवऱ्याचं. २०१९ मध्ये घटस्फोट झाला तेव्हा त्यांना कंपनीचे सुमारे चार टक्के शेअर मिळाले; त्यांचा मतदानाचा हक्क त्यांनी नवऱ्याकडंच राहू दिला. ते ज्या वॉशिंग्टन राज्यात राहत होते तिथंही लग्नानंतरची कमाई दोघांची धरतात, गोव्यासारखीच. कायदा पाठीशी होता म्हणून पंचवीस वर्षांनंतर का होईना, वाटा मोजला गेला.

आता आमची गोष्ट. २०२० च्या टाळेबंदीत दुकान बंद होतं. सासूबाईंच्या हातचं मेतकूट आणि सांडगे जाऊबाईंनी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर घातले. कोल्हापूर, सांगली, पुणे, हैदराबाद इथल्या आपल्या लोकांकडून मागणी आली. पैसे कुठं घ्यायचे? दिरांचं खातं होतं, त्याचा क्यूआर कोड लावला. पुढं जीएसटीची वेळ आली. बेळगावची गंमत बघा : आमचा माल बिदरपर्यंत नेला तरी राज्यातच, पण तासाभरावरच्या चंदगडला पाठवायचा, तर दुसरं राज्य. राज्याबाहेर माल विकायचा म्हटलं की उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी लागते. अर्जात मालकाचं नाव आणि पॅन मागितला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघितलं आणि दिरांचंच कार्ड काढून दिलं. त्यांनी मागितलं नव्हतं. आम्हीच दिलं. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं त्यांच्यावर राग काढणं सोपं होतं.

२०२२ च्या उन्हाळ्यात मसाल्यासाठी मिरची, धणे घ्यायचे होते. वर्षाची खरेदी त्याच दिवसांत होते. जाऊबाईंनी खातं बघितलं आणि स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. "आक्का, खात्यात काहीच न्हाई."

दिरांनी दुकानाचं एक देणं त्यातून भागवलं होतं. त्यांना विचारलं तर ते खरोखरच गोंधळले. "अगं, घरातलेच पैसे की वहिनी. परत घालतो."

घरातलेच पैसे. मला लगेच ती १९७२ ची ओळ आठवली. त्यांनी चोरी केली नव्हती, ते खातं त्यांचंच होतं. आमच्या दोन वर्षांच्या कष्टाचा कागदोपत्री एकही पुरावा नव्हता. त्या रात्री जाऊबाई रडल्या, आणि मला वाईट याचं वाटलं की, मी इतिहास वाचणारी बाई, मलाही हे आधी सुचलं नाही.

मग आम्ही भागीदारीपत्र केलं. दोघींच्या नावानं पेढी, पेढीचं खातं, दोघींच्या सह्या. नवं पॅन काढलं, जीएसटीची नोंदणी पेढीच्या नावानं पुन्हा केली. पेढीही नोंदवून घेतली, कारण नोंदवली नसेल तर एकोणसत्तराव्या कलमाप्रमाणं, कुणी पैसे बुडवले तरी पेढीच्या नावानं दावा लावता येत नाही. बाराव्या कलमानं प्रत्येक भागीदाराला वह्या बघायचा हक्क आहे, तो आम्ही मोबाईललाही लावला : सगळे पासवर्ड एका वहीत, ती वही दोघींना माहीत असलेल्या जागी.

पत्र करताना कामाच्या वाटणीवरून मात्र खरंच भांडण झालं. तेरावं कलम म्हणतं, वेगळं ठरवलं नसेल तर भागीदाराला कामाबद्दल पगार मिळत नाही आणि नफा सारखा वाटायचा. मी म्हटलं, भाजणं, कांडणं, चुलीपुढं उभं राहणं माझ्याकडं. जाऊबाईंचं काम फोनवर बसून, मग सारखं कसं? त्या काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात लेकराला घेऊन आठ दिवस माहेरी गेल्या. पहिल्या दिवशी चाळीस निरोप आले. याला तिखट कमी, त्याला बिल हवं, कुणाचं पार्सल फुटलं, कुणी रात्री साडेअकराला विचारतंय की कारळे म्हणजे काय. चौथ्या दिवशी मी त्यांना फोन लावला आणि म्हटलं, "तुमचं काम माझ्यापेक्षा जड आहे, या बाई."

आता वाटणी अशी : करणं माझ्याकडं, विकणं त्यांच्याकडं, बांधणं दोघींनी संध्याकाळी मिळून. दोघींना दरमहा कामाचा ठरलेला मेहनताना, तो आधी. उरला तो नफा निम्मा-निम्मा. एक आजारी पडली तर दुसरीनं केलेलं काम तिच्या नावावर मांडायचं. वर्षातून पंधरा दिवस कामं उलटी करायची, म्हणजे एकमेकींचं काम बघितल्यासारखं होतं. शनिवारी हिशेब, आणि तो लिहूनच. तोंडी नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीला, वीर निर्वाण संवत २५४९ च्या पाडव्याला, आमची पहिली स्वतंत्र वही पूजेला ठेवली. पहाटे निर्वाणलाडू चढवून आलो होतो. जाऊबाईंनी स्वस्तिक काढलं, मी 'श्री वीतरागाय नमः' लिहिलं, आणि खाली दोघींची पूर्ण नावं. सासूबाईंना वही दाखवली. चष्मा लावून त्यांनी एकेक ओळ बोटानं वाचली. धणे कुणाकडून, मिरची कुणाकडून, पिशव्या कुणाकडून, सगळं नावानिशी होतं. बोट एका ओळीवर थांबलं.

"हे काय लिवलंय गं?"

मी वाकून बघितलं. माझंच अक्षर होतं. त्यांनी उन्हात बसून घातलेले सांडगे, त्यांच्या हाताचं मेतकूट, चार डबे. मी लिहिलं होतं : 'माल – घरातून.'

त्या काही बोलल्या नाहीत. वही मिटून पाटावर ठेवली आणि फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी मी ती ओळ खोडून तिथं त्यांचं नाव घातलं, पुढं रक्कम मांडली आणि पैसे पाकिटात घालून त्यांच्या हातात दिले. त्यांनी मोजून घेतले. दोनदा मोजले. पन्नास वर्षांत कुणी त्यांना मोजून दिले नव्हते, हे मला त्यांच्या मोजण्यावरून कळलं.